हिरव्यांचं बंड आणि लाल निशाण

झेलेनाशी म्हणजे हिरवे. मॉन्टेनेग्रोच्या इतिहासात हे नाव वाचलं की डोळ्यांपुढे आपसूक हिरवा झेंडा येतो. प्रत्यक्षात हे हिरवेपण ना झेंड्यातलं, ना धर्मातलं, ना झाडं वाचवण्याच्या राजकारणातलं. ते एका कागदाचं आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात त्सेतिन्ये या जुन्या राजधानीत उमेदवारांच्या दोन याद्या फिरल्या. सर्बियात ताबडतोब विलीन व्हा म्हणणाऱ्यांची यादी पांढऱ्या कागदावर छापली होती, तर त्याला हरकत घेणाऱ्यांची हिरव्या कागदावर. पांढऱ्या यादीवाले ब्येलाशी झाले आणि हिरव्या यादीवाले झेलेनाशी. निवडणूक आटोपली, कागद चुलीत गेले असतील, पण नावं शंभर वर्षांनंतरही तिथल्या बोलण्यात शिल्लक आहेत.

ही गोष्ट समजायला थोडी किचकट आहे. एकाच घरातले आजोबा आणि नातू एकमेकांसमोर उभे आहेत. दोन्ही बाजू स्वतःला सर्ब म्हणवतात आणि दोन्ही बाजूंना युगोस्लाव्हिया, म्हणजे दक्षिणेकडच्या स्लाव लोकांचा एकत्र देश, हवा आहे. मग भांडण कशावरून? ते उलगडायचं तर आधी देश आणि घराणं ओळखीचं करून घ्यावं लागेल.

मॉन्टेनेग्रो हे इटालियन वळणाचं नाव. तिथले लोक आपल्या देशाला त्स्र्ना गोरा म्हणतात, म्हणजे काळा डोंगर. आजचा अख्खा देश आपल्या पुणे जिल्ह्याहूनही लहान आहे आणि लोकवस्ती जेमतेम सव्वासहा लाख. एड्रियाटिक समुद्रावरून थेट उठणारा लोव्हचेन पर्वत आणि त्याच्या पाठीमागे चुनखडीच्या खडकांनी वेढलेलं त्सेतिन्येचं लहानसं पठार, हा या देशाचा जुना गाभा. पाणी खडकात जिरून जातं, शेती कशीबशी होते. उस्मानी फौजा इथे अनेकदा आल्या, जाळपोळ करून गेल्या, पण कायमचं ठाण मांडून राज्य करणं त्यांना कधी धड जमलं नाही. गरिबी आणि दुर्गमता हीच या लोकांची तटबंदी होती.

१६९७ पासून इथे पेत्रोव्हिच-न्येगोश घराण्याची सत्ता होती. सुरुवातीचे राज्यकर्ते व्लादिका होते, म्हणजे ऑर्थोडॉक्स धर्मपीठाचे बिशप. बिशप अविवाहित, म्हणून गादी बापाकडून मुलाकडे जायची नाही, काकाकडून पुतण्याकडे जायची. (काका-पुतण्या हा विषय मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको.) १८५२ मध्ये दानिलोने बिशपपद बाजूला ठेवलं, लग्न करायचं ठरवलं आणि स्वतःला प्रिन्स म्हणवलं. १८६० मध्ये कोटोर बंदरात त्याचा खून झाला आणि गादीवर आला त्याचा पुतण्या निकोला, वय वर्षं अठरा. हा निकोला पुढे तब्बल ५८ वर्षं राज्य करणार होता.

निकोलाला लोक गोस्पोदार म्हणत. आपल्याकडे जुन्या पिढीत ‘धनी’ म्हणायचे, तसंच. तो कविता लिहायचा, सरदारांना नावाने ओळखायचा, गावकऱ्यांचे तंटे ऐकायचा. १८७६-७८ च्या युद्धांत त्याने उस्मान्यांकडून मुलूख जिंकला, १८७८ च्या बर्लिन परिषदेत युरोपने मॉन्टेनेग्रोला स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली आणि १९१० मध्ये, राज्यारोहणाच्या पन्नासाव्या वर्षी, तो प्रिन्सचा राजा झाला. देश चिमुकला, तिजोरी कायम रिकामी, पण मुली बऱ्याच. त्या त्याने अशा घरी दिल्या की लोक त्याला युरोपचा सासरा म्हणू लागले. येलेना इटलीची राणी झाली. मिलित्सा आणि अनास्तासिया रशियाच्या राजघराण्यात गेल्या. आणि थोरली झोर्का दिली पेतार कारादजोर्जेविचला, म्हणजे सर्बियाच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या, पण त्या वेळी देशाबाहेर दिवस काढणाऱ्या राजपुत्राला.

हे शेवटचं लग्न लक्षात ठेवा. झोर्का आणि पेतार त्सेतिन्येलाच राहायचे. त्यांचा मुलगा आलेक्सांदार १८८८ मध्ये त्सेतिन्येत, आजोबांच्या राजधानीत जन्मला. दोनच वर्षांनी झोर्का वारली. पुढे १९०३ मध्ये बेलग्रेडमध्ये रक्तरंजित सत्तापालट झाला, पेतार सर्बियाचा राजा झाला आणि १९१४ मध्ये त्याने कारभार आलेक्सांदारकडे सोपवला. १९१८ मध्ये निकोलाची गादी ज्याच्या पदरात पडली तो हा नातू. शुद्ध मराठीत याला भाऊबंदकी म्हणतात. युरोपच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिचं नाव ‘राष्ट्रीय एकीकरण’ असं आहे.

पण सगळा दोष नातवावर ढकलून चालणार नाही. निकोला म्हातारा होत गेला तसा हट्टी आणि एकतंत्री होत गेला. १९०५ मध्ये त्याने राज्यघटना दिली खरी, पण तिच्यातून सत्ता हलली नाही. त्याच वेळी बेलग्रेडमध्ये शिकलेली तरुण पोरं परत येत होती. तिथे त्यांनी पक्ष, वर्तमानपत्रं, संसदेतली भांडणं पाहिली होती. त्यांना धनी नको होता, मोठा देश हवा होता. १९०७ मध्ये राजाविरुद्ध बॉम्बचा कट उघडकीला आला, १९०९ मध्ये कोलाशिनमध्ये दुसरा. खटले झाले, देहदंड झाले, कैद झाली. दोन्ही प्रकरणांनी राजा आणि ही सुशिक्षित पिढी यांच्यातला उरलासुरला विश्वास संपवला. शिवाय पोट भरत नव्हतं. हजारो तरुण अमेरिकेच्या खाणींत निघून गेले होते. बेलग्रेडशी जोडलं गेलं तर रेल्वे येईल, नोकऱ्या येतील, असं वाटणं काही गद्दारी नव्हती.

मग पहिलं महायुद्ध आलं. मॉन्टेनेग्रो सर्बियाच्या बाजूने उतरला. १९१५ च्या हिवाळ्यात सर्बियाचा पराभव झाला आणि त्यांचं अख्खं सैन्य बर्फातून, मॉन्टेनेग्रो आणि अल्बेनियाच्या डोंगरांतून समुद्राकडे निघालं. त्यांच्या पाठीवर ऑस्ट्रियाची फौज येऊ नये म्हणून सेर्दार यांको व्हुकोतिचच्या हाताखालच्या मॉन्टेनेग्रोच्या सैनिकांनी मॉयकोव्हात्सला ती अडवली. तारखा होत्या ६ आणि ७ जानेवारी १९१६. जुन्या पंचांगाप्रमाणे हा ऑर्थोडॉक्स नाताळ. ते तिथे टिकले. पण दुसरीकडे लोव्हचेन पडला, आणि लोव्हचेन पडला की त्सेतिन्ये उघडं पडतं. राजा इटलीला निघून गेला, तिथून फ्रान्सला. सैन्य मागे राहिलं, विखुरलं, आणि देशावर ऑस्ट्रियाचा अंमल बसला. पुढची जवळजवळ तीन वर्षं लोकांनी उपासमार, नजरकैदेच्या छावण्या सोसल्या. ‘धनी पोरं सोडून पळाला’ ही भावना या काळात रुजली आणि पांढऱ्यांना ती फार उपयोगी पडली.

१९१८ च्या शरद ऋतूत ऑस्ट्रिया कोसळली. मॉन्टेनेग्रोत दोस्त राष्ट्रांच्या नावाने शिरली ती प्रामुख्याने सर्बियाची फौज, कर्नल द्रागुतिन मिलुतिनोविचच्या नेतृत्वाखाली. ७७ वर्षांचा निकोला फ्रान्समध्ये अडकला होता. त्याला परत यायचं होतं, पण फ्रान्स त्याला सोडत नव्हता.

आता त्या निवडणुकीकडे जरा जवळून पाहू, कारण पुढचं सगळं रक्त तिथून सांडलं आहे.

मॉन्टेनेग्रोला स्वतःची संसद होती, १९०५ च्या घटनेने दिलेली. तिला बोलावण्यात आलं नाही. त्याऐवजी एकीकरणवाद्यांच्या समितीने बेराने या गावी बसून नवे नियम केले आणि एक नवीच महासभा निवडायची ठरवली. निवडणूक अप्रत्यक्ष होती: गावकऱ्यांनी आधी आपले प्रतिनिधी निवडायचे आणि त्या प्रतिनिधींनी पुढे सदस्य निवडायचे. गुप्त मतदान नव्हतं. गावसभेत, चारचौघांत, उघडपणे कौल द्यायचा. देशात सर्बियाची फौज आहे, राजाला देशात यायची परवानगी नाही, बरीच माणसं अजून छावण्यांतून घरी पोहोचलेली नाहीत, नोव्हेंबरात डोंगरी वाटा चिखलाने भरलेल्या. अशात नियम तयार होण्यापासून महासभेची बैठक भरेपर्यंत सगळं जेमतेम तीन आठवड्यांत उरकलं.

महासभा त्सेतिन्येत भरलीच नाही. ती भरली पॉदगोरित्सा या शहरात, तंबाखूच्या सरकारी मक्तेदारीच्या इमारतीत. त्सेतिन्ये राजाचं गाव, तिथे हवा उलटी होती. २६ नोव्हेंबर १९१८ ला दीडशेहून अधिक सदस्यांनी ठराव केला: निकोला आणि त्याचं घराणं पदच्युत, मॉन्टेनेग्रो सर्बियात विलीन आणि राजघराणं कारादजोर्जेविच.

त्यानंतर पाचच दिवसांनी, १ डिसेंबरला, आलेक्सांदारने बेलग्रेडमध्ये सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांच्या राज्याची घोषणा केली. पुढे त्यालाच युगोस्लाव्हिया म्हणू लागले. हे पाच दिवस म्हणजे या वादाची गुरुकिल्ली आहे. मॉन्टेनेग्रो नव्या देशात स्वतःच्या नावाने, भागीदार म्हणून गेला नाही. तो आधी सर्बियात विरघळला आणि मग सर्बियाच्या पोटातून नव्या देशात गेला. देशाच्या नव्या नावात तीन जण आहेत, चौथ्याची खुर्चीच नाही.

हिरव्यांचं दुखणं नेमकं हे होतं. त्यांना एकत्र येण्याचीच ॲलर्जी होती असं आज पुष्कळ लोक समजतात. तसं नव्हतं. त्यांच्यातले बहुतेक स्वतःला सर्ब मानत. खुद्द निकोला सर्बांच्या एकीची गाणी लिहिणारा कवी होता. आपल्या घराण्याच्या झेंड्याखाली सगळे सर्ब एक व्हावेत हे त्याचं आयुष्यभराचं स्वप्न होतं. फक्त त्या स्वप्नात मधोमध तो स्वतः बसलेला होता. हिरव्यांचं म्हणणं साधं होतं: यायला आम्ही तयार आहोत, पण आम्हाला विचारा, आणि बरोबरीने घ्या. त्यात राजनिष्ठा होती, इभ्रत होती आणि थोडी जुन्या सरदारांची आपली पदं जाण्याची भीतीही होती.

भूगोलही बोलका आहे. हिरव्यांचा जोर होता तो जुन्या मॉन्टेनेग्रोत, म्हणजे त्सेतिन्ये, लोव्हचेन आणि कातुन्स्का नाहिया या खडकाळ भागात. राज्य इथूनच सुरू झालं होतं. पांढऱ्यांचा जोर उत्तरेला आणि पूर्वेला, व्हासोयेविचांसारख्या टोळ्यांच्या मुलखात. तो भाग राज्यात उशिरा आला होता आणि त्सेतिन्येबद्दल तिथे तेवढी माया नव्हती. पण टोळीच्या आत, घराच्या आतही फाटाफूट होती. एक भाऊ पांढरा, एक हिरवा, अशी घरं बरीच होती. मॉयकोव्हात्सचा नायक यांको व्हुकोतिच हा निकोलाच्या राणीच्या, मिलेनाच्या, माहेरचा माणूस, पण तो पुढे नव्या राज्याच्या सैन्यात जनरल झाला. माणसं मांडणीत बसत नाहीत, हे इथे पदोपदी दिसतं.

डिसेंबर संपता संपता डोंगरांत हालचाल सुरू झाली. लष्करी पुढारीपण कॅप्टन क्र्स्तो पॉपोविचकडे होतं आणि राजकीय बाजू होती माजी मंत्री योव्हान प्लामेनात्सकडे. जानेवारी १९१९ च्या पहिल्या दिवसांत बंडखोरांनी त्सेतिन्ये, निक्शिच, रियेका त्सर्नोयेविचा आणि विरपाझार या गावांना वेढा घातला. कॅप्टन पॉपोविचने मिलुतिनोविचला मागण्या लिहून पाठवल्या. त्यांचा गाभा असा: पॉदगोरित्साचे ठराव आमच्या घटनेच्या विरुद्ध आहेत, ते रद्द करा, मॉन्टेनेग्रोला युगोस्लाव राज्यात इतरांच्या बरोबरीने जाऊ द्या, आणि पुढचं काय ते मोकळ्या निवडणुकीत लोकांना ठरवू द्या. बंडखोरांच्या पत्रात राजाला परत गादीवर बसवा ही पहिली मागणी नसावी, हे मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. त्यांना राजनिष्ठ बंडखोर म्हणतात आणि ते होतेही, पण पत्राची भाषा घटनेची आहे.

हक्क, मान आणि स्वातंत्र्य, हे त्यांच्या घोषणेतले तीन शब्द. ज्या समाजात चोइस्त्व्हो, म्हणजे माणुसकीने वागणं, हा शौर्याइतकाच मोठा गुण मानतात, तिथे मान हा शब्द हलका नसतो.

ऑर्थोडॉक्स नाताळच्या आदल्या संध्याकाळी तिथे ओकचा ओंडका घरात आणून चुलीत पेटवतात. त्याला बाद्न्याक म्हणतात. सबंध कुटुंब त्याभोवती बसतं. १९१९ चा तो बाद्न्याक अनेक घरांत पुरुषांविनाच पेटला असणार. त्सेतिन्येच्या भोवतीच्या टेकड्यांवर हिरवे होते आणि गावात सर्बियाच्या फौजेबरोबर पांढऱ्यांची तरुण पोरं बंदुका घेऊन उभी होती. बंडखोरांमध्ये एकवाक्यता नव्हती. काही जण नुसता वेढा दाखवून बोलणी होतील या आशेवर होते, गोळी झाडायला तयार नव्हते, कारण समोर आपल्याच गावचे लोक होते. तोफा होत्या त्या गावातल्यांकडे. नाताळच्या सुमारास वेढा मोडला, बंड फसलं. बरोबर तीन वर्षांपूर्वी याच सणाला हेच लोक मॉयकोव्हात्सला खांद्याला खांदा लावून लढले होते. या बंडाला नाताळचं बंड, बोझिच्ना पोबुना, असंच म्हणतात.

पुढे काय झालं? प्लामेनात्स अल्बेनियामार्गे निसटला आणि राजाच्या परागंदा सरकारचा पंतप्रधान झाला. शेकडो बंडखोर इटलीला पोहोचले. तिथे गाएता गावात मॉन्टेनेग्रोचं परागंदा सैन्य उभं राहिलं, खर्च मुख्यतः इटलीचा. इटलीची राणी निकोलाची मुलगी हे खरं, पण इटलीचा जीव अडकला होता एड्रियाटिकच्या किनाऱ्यात. नव्या युगोस्लाव राज्याला दाबायला हिरवे कामाचे होते. १९२० च्या नोव्हेंबरात रापाल्लोला इटली आणि त्या राज्याचा सीमातह झाला आणि हिरव्यांची गरज संपली. पुढच्या वर्षी गाएताची छावणी मोडली. लेकीचं सासर काय, परराष्ट्र धोरण काय!

पॅरिसच्या शांतता परिषदेत तर वेगळंच नाटक. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांच्या चौदा कलमांत अकराव्या कलमात मॉन्टेनेग्रोचं नाव होतं: परकी फौजांनी तो रिकामा करावा. निकोलाला त्यावर फार आशा. परिषदेत मॉन्टेनेग्रोसाठी एक जागा राखलीही, पण तिथे बसायचं कोणी, राजाच्या माणसाने की पॉदगोरित्साच्या, हे ठरेना. मग ती रिकामीच राहिली. विजयी दोस्त राष्ट्र असूनही युद्धाच्या शेवटी ज्याचा देशच नाहीसा झाला असा हा एकटाच. ब्रिटिशांनी काउंट डे सालिस यांना परिस्थिती पाहायला पाठवलं होतं. त्यांनी पॉदगोरित्साच्या निवडणुकीबद्दल आणि फौजेच्या वागण्याबद्दल कडक लिहिलं. अहवाल दाबून ठेवला गेला.

१ मार्च १९२१ ला निकोला फ्रान्सच्या किनाऱ्यावर आंतीब इथे वारला. युवराज दानिलोने आठवड्याभरातच हक्क सोडला आणि तो गेला बारा वर्षांच्या पुतण्याकडे, मिहायलोकडे. पुन्हा काका-पुतण्या. १९२२ पासून प्रशासनात मॉन्टेनेग्रो हे नावही उरलं नाही. तिथे आला झेटा प्रांत, आणि १९२९ मध्ये झेटा बानोविना, म्हणजे आणखी मोठा प्रांत. डोंगरांत मात्र गनिमी काव्याने लढणारे बंडखोर, तिथल्या भाषेत कोमिती, विशीच्या दशकात बराच काळ टिकून होते. त्यांना आसरा देणाऱ्यांची घरं जाळली गेली. बंडखोरही साधुसंत नव्हते, त्यांनीही पांढऱ्यांचे जीव घेतले. बहुतेक पुढाऱ्यांनी नंतर जुळवून घेतलं. प्लामेनात्स तर बेलग्रेडच्या राजकारणात सामील झाला. पॉपोविचही मायदेशी परतला.

दुसऱ्या महायुद्धाचा अध्याय मी भरभर सांगतो, कारण त्यात कुणाचंच चांगलं दिसत नाही. १२ जुलै १९४१ ला इटलीने आपल्या मुठीतल्या मॉन्टेनेग्रोचं राज्य पुन्हा जाहीर केलं. मिहायलोने मुकुट नाकारला, त्याबद्दल त्याला मानलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी, १३ जुलैला, देशभर उठाव झाला. पुढे पॉपोविचचे हिरवे कम्युनिस्ट पार्टिझनांविरुद्ध, म्हणजे गनिमी लढवय्यांविरुद्ध, इटलीच्या बाजूला गेले. १९४२ च्या करारात इटालियन गव्हर्नरने तीन तुकड्या मान्य केल्या, दोन चेतनिकांच्या आणि एक हिरव्यांची. चेतनिक म्हणजे कारादजोर्जेविच घराण्याचे कट्टर पाठीराखे. वीस वर्षांपूर्वीचे हाडवैरी आता परक्याच्या पंगतीला शेजारी शेजारी. पॉपोविच युद्धानंतरही लपून राहिला आणि १९४७ मध्ये कम्युनिस्ट सुरक्षा दलाच्या माणसांनी त्याला ठार केलं.

आता झेंडा. हिरवे ज्या राज्यासाठी लढले त्या राज्याचे रंग कोणते होते?

मॉन्टेनेग्रोचं सर्वांत जुनं ओळखीचं निशाण म्हणजे क्र्स्ताश: लाल कापड आणि त्यावर पांढरा क्रूस. ही लढाईची निशाणं. त्सेतिन्येच्या संग्रहालयात १८७६ च्या व्हुचयी दोच्या लढाईतलं असं एक निशाण ठेवलं आहे. गोळ्यांनी त्याची चाळण झाली आहे. काचेमागचं ते कापड पाहताना आधी भोकं दिसतात, मग क्रूस दिसतो. निशाण धरणाऱ्याला तिथे बार्याक्तार म्हणतात आणि हा मान घराण्यात चालत यायचा. एक पडला की दुसऱ्याने उचलायचं, निशाण जमिनीला लागता कामा नये.

निकोलाच्या काळात सैन्याच्या निशाणांवर लाल कापडावर दोन डोक्यांचा गरुड होता. बायझँटाइन साम्राज्याकडून बाल्कनमधल्या अनेक घराण्यांनी घेतलेलं हे चिन्ह. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाजांवरचा गंडभेरुंड पाहिलेल्याला ते ओळखीचं वाटेल. गरुडाखाली चालता सिंह, आणि मधोमध राजाची आद्याक्षरं.

पण नागरी, राष्ट्रीय रंग कोणते? १९०५ च्या निकोलाच्याच घटनेत ते लिहिलेले आहेत: लाल, निळा, पांढरा. आडवे तीन पट्टे. आणि सर्बियाचा झेंडा? लाल, निळा, पांढरा, तेही याच क्रमाने. म्हणजे १९१९ च्या जानेवारीत पांढरे आणि हिरवे समोरासमोर उभे राहिले तेव्हा झेंड्याच्या रंगावरून कोण कुठला हे सांगणं अवघड. दोघांची भाषा एक, देव एक, तिरंगा एक. फरक होता तो चिन्हांच्या बारकाव्यात, आणि डोक्यावरच्या टोपीत.

मॉन्टेनेग्रोची टोपी, त्यांची कापा, ही झेंड्याइतकीच बोलकी वस्तू. लहान, गोल, बसकी. कडेची पट्टी काळ्या रेशमाची: १३८९ मध्ये कोसोव्होच्या लढाईत सर्बांचा उस्मान्यांकडून झालेल्या पराभवाचं सुतक. माथा लाल: सांडलेलं रक्त. लाल माथ्याच्या एका कोपऱ्यात सोनेरी कलाबतूच्या कमानी आणि त्या कमानींच्या आत राजाची आद्याक्षरं. निकोला पहिला, सिरिलिक लिपीतला एन आणि शेजारी रोमन एक. राजा पदच्युत झाला हा ठराव कागदावर होता, पण म्हातारे सरदार ती अक्षरं डोक्यावर घेऊन बाजारात फिरत होते. मला विचाराल तर हिरव्यांचं खरं निशाण काठीवर नव्हतं, या टोपीवर होतं.

आणि आता शेवटची गुंतागुंत, आजची. कम्युनिस्ट काळात तिरंग्यावर लाल तारा होता. तो गेला आणि १९९३ मध्ये मॉन्टेनेग्रोने साधा तिरंगा घेतला. फक्त निळा जरा फिका आणि कापड लांबुडकं, सर्बियाच्या झेंड्यापासून ओळखू यावं म्हणून. मग स्वतंत्र व्हायचं वारं वाहू लागलं आणि हा तिरंगा अडचणीचा झाला. जुलै २००४ मध्ये संसदेने नवा ध्वज मंजूर केला: लाल कापड, सोनेरी किनार, मधोमध सोनेरी दुतोंडी गरुड आणि त्याच्या छातीवरच्या ढालीत सिंह. प्रेरणा निकोलाच्या काळच्या निशाणांची, फक्त राजाची आद्याक्षरं गाळलेली. २१ मे २००६ च्या सार्वमतात स्वातंत्र्यासाठी किमान ५५ टक्के मतं लागणार होती, मिळाली ५५.५. गर्दीच्या हातात होता तो हा लाल-सोनेरी झेंडा.

तिरंगा गेला का? अजिबात नाही. स्वतःला सर्ब म्हणवणारे मॉन्टेनेग्रोचे नागरिक तो आजही मिरवतात आणि हाच आमचा लोकांचा झेंडा असं सांगतात. घटनेच्या पानावर बोट ठेवलं तर त्यांचं चुकत नाही. निकोलाने घटनेत लिहिलेले रंग आज त्याला पदच्युत करणाऱ्यांच्या वारसांच्या हातात आहेत. आणि हिरव्यांचा वारसा सांगणारे, स्वतःला सर्ब न म्हणता मॉन्टेनेग्रिन म्हणवणारे लोक निकोलाचं लष्करी निशाण राष्ट्रध्वज म्हणून फडकवतात. १९१९ च्या एखाद्या झेलेनाशीला आज उठवून पॉदगोरित्साच्या चौकात उभं केलं तर कुठल्या झेंड्याखाली जाऊन उभं राहायचं यावर तो बराच वेळ विचार करील.

सरकारदरबारी मात्र बाजू बदलली आहे. १९८९ मध्ये, देश अजून कम्युनिस्ट असताना, निकोला आणि मिलेनाच्या अस्थी इटलीतल्या सान रेमोहून परत आणून त्सेतिन्येच्या दरबारी चर्चमध्ये पुरल्या. २०११ मध्ये पेत्रोव्हिच-न्येगोश वंशजांना कायद्याने मानाचं स्थान मिळालं. आणि २०१८ च्या नोव्हेंबरात, बरोबर शंभर वर्षांनी, मॉन्टेनेग्रोच्या संसदेने पॉदगोरित्सा महासभेचे ठराव रद्दबातल ठरवले. सर्बवादी विरोधकांनी कडाडून टीका केली. कॅप्टन पॉपोविचच्या पत्रातली पहिली मागणी मान्य झाली होती, मागणाऱ्याला मरून एकाहत्तर वर्षं झाल्यावर.